टेबल क्रमांक तीन, परभणी

कंपनीची माणसं येणार म्हणून
वसमत रोडचा दुभाजक रातोरात पिवळा झाला.
फॉर्म मीच भरला.
विमानतळ : नांदेड, पाऊण तासाच्या वर.
पाणी : इथं साहेबांनी पेन मागून घेतला,
लिहिलं, मुबलक.
'संध्याकाळी लोक काय करतात?'
मी लिहिलं होतं, स्टेशनपर्यंत चालत जातात,
गाडी बघून परत येतात.
खोडलं. मॉल प्रस्तावित.

तिघं आले, चाळीस मिनिटं थांबले.
एकीनं सहज विचारलं, तुमची मुलं कुठं असतात?
हिंजवडीत, म्हणालो.
तेवढंच तिनं लिहून घेतलं.

मागून कळलं, जागा आधीच ठरलेली;
तिथली सवलत वाढवून घ्यायला
आमचं नाव लागत होतं.

कैसरभाईची शेळी
ओल्या दुभाजकाला घासून गेली होती.
आठवडाभर पिवळी फिरली.