अडीच वॉट

अंधेरीच्या कचेरीत, सातव्या मजल्यावर,
पडदे ओढून मी ऊन मोजते.
खिडकीतलं नाही. पाचशे किलोमीटर वरचं,
जिथे ढग आड येत नाहीत आणि दिवस
तासाभराचा असतो, रात्र पस्तीस मिनिटांची.

आमच्या उपग्रहाला दोन पंख आहेत,
कपाटाच्या दाराएवढे, निळसर काळे.
उद्या ते किती वीज देतील
हे आज सांगायचं, एवढंच माझं काम.
त्यावर ठरतं कॅमेरा कधी उघडायचा,
हीटर कधी लावायचा,
आणि कधी नुसतं गप्प पडून राहायचं.

समोरून आलेलं ऊन पुरतं लागतं,
तिरपं आलं की कमी.
तापलेला पंख आळसावतो.
पृथ्वीआडून गारठून बाहेर पडला
की पहिली काही मिनिटं हात सैल सोडून देतो.
वर्षागणिक थोडा म्हातारा होतो, ते धरलंय.
खालच्या ढगांवरून उसळलेला उजेड
पाठीला लागतो, तोही धरलाय.

तरी मार्चपासून आकडा चुकतो.
मी म्हणते एकेचाळीस, वरून येतात साडेअडतीस.
प्रत्येक फेरीत, बाविसाव्या मिनिटाला,
फक्त चार मिनिटं.

मुणगेकर म्हणाले, एखादा सेल मेला असेल.
मेलेला चार मिनिटांनी उठून बसत नाही, सर.

रविवारी वेसाव्याला घरी गेले
तर आय वलांडीच्या दोऱ्या सोडत होती.
मागचा टॉवर सकाळी बोंबलांवर येतो म्हणाली,
होळीपासून.
थंडीत होड्यांवर पडायचा, तेव्हा कुणाचं काय जात होतं?

वाळूत फुटके बोये मांडलेले, सात.
दर पुनवेला, माशांना ऊन लागायच्या वेळी,
सावलीचं टोक जिथे असेल तिथे एक.
मला वाटायचं, आमच्या घराला पसाऱ्याची सवय आहे.

त्या वाकड्या रांगेकडे बघताना लक्षात आलं,
माझ्या हिशेबात उपग्रहाला अंगच नव्हतं.
नुसते पंख, आणि समोर सूर्य.
अँटेनाची दांडी मी धरलीच नव्हती,
बोटभर जाड, हातभर लांब.
एका सेलवर तिची सावली पडली
की त्याची अख्खी रांग मुकी होते.

सोमवारी मी साडेअडतीस म्हटले, साडेअडतीसच आले.
मुणगेकरांनी सगळ्यांना चहा मागवला.
वीज काही वाढली नव्हती.
ती कधी नसेल, तेवढं कळलं होतं.

पुढच्या रविवारी आयने आठवा बोया माझ्या हातात दिला.
टॉवरच्या शेजारी नवा खड्डा खणलाय,
पत्र्यावर चित्र आहे, चाळीस मजले, वर पोहण्याचा तलाव.
"ह्याची कुठवर येल, तू सांग."

चाळीस गुणिले तीन. साडेआठचा सूर्य, पंचवीस अंश.
फोनवर उत्तर यायला वेळ लागत नाही.
मी पावलं मोजत निघाले.
आमच्या वलांड्या संपल्या, भानज्यांच्या संपल्या,
जवळ्याच्या चटया, उलट्या घातलेल्या होड्या,
मग ओली वाळू.
अजून चाळीस पावलं बाकी होती.

मागे वळून पाहिलं तर आय
कपाळावर आडवा हात धरून
मी कुठे थांबते ते बघत होती.

इथे ठेवला तर भरतीत जाईल,
म्हणून बोया मी हातातच धरून आहे.