मूळ ठिकाण

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये नोटीस लागली:
आपापल्या गावची चमचाभर माती आणा,
कामाचा जंतू निघाला तर पाचशे रुपये.
हेगिष्टेने येऊरच्या जंगलातली आणली, पाल्यासकट.
सबीनाने कर्जतच्या नर्सरीतली, शेणखताच्या वासाची.
मी घणसोलीची.
"सेक्टरमध्ये माती कुठे मिळाली गं तुला?"
सगळे हसले. मीही.

नाला आणि फुटपाथ यांच्यामधे
चार फुटांची पट्टी उरलीय.
तिच्यावर केबलचा खांब, गुटख्याच्या पुड्या, एक एरंड.
तिथून उकरली, आइस्क्रीमच्या चमच्याने.

मग नेहमीचंच.
पाण्यात कालवायची,
ऐंशी अंशांवर दहा मिनिटं ठेवायची.
मातीतले बहुतेक जण तेवढ्यात संपतात.
उरतात ते, ज्यांनी आधीच
स्वतःला कवचात मिटून घेतलेलं असतं.
दुसऱ्या दिवशी बशीत उगवले:
मळकट पांढरे, कडेला दातेरी,
वर सुरकुत्या, निवलेल्या दुधावरच्या सायीसारख्या.
"बॅसिलस सबटिलिस," शेट्ये मॅडम म्हणाल्या,
"कुठल्याही मातीत सापडतो,
भाताच्या पेंढ्यावर तर हमखास."
आणि पुढची बशी घेतली.

मी तरीही काचपट्टी केली.
हिरवा रंग, वाफ, पाणी, मग लाल.
भिंगाखाली तांबूस काड्या,
आणि काड्यांच्या पोटात एकेक हिरवा दाणा.
दाणा पुरता भरला की आई विरघळते.
पुस्तकात हे एका ओळीत आहे.
त्याच्या आधीची ओळ अशी की
अन्न आटत आलं, की ती वेळ लांबवायला
हे आपल्याच भावंडांना फोडून खातात.

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
आबा आणि काका सात वर्षं बोलले नव्हते.
मी पान उलटलं.

दुधाच्या बशीत त्याने स्वतःभोवती
एकवीस मिलिमीटर स्वच्छ अंगण केलं.
येऊरच्याने केलं चौदा.
मॅडमनी चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं.
मुळांना धरून राहणारा, बुरशीला दारात अडवणारा
हा साधा मातकट जीव
प्रथिनं कातरतो,
म्हणजे रक्ताचा डाग, अंड्याचा डाग, शर्टाची कॉलर.
धुण्याच्या पावडरीत जो रस असतो
तो ह्याच्याच भाऊबंदांचा.

रजिस्टरात रकाना होता: मूळ ठिकाण.
मी लिहिलं, वाकडा खार.
आमच्या शेताचं नाव. सातबाऱ्यावर ते कधीच नव्हतं,
घरातल्या घरात म्हणायचे.
मॅडमनी खाली अक्षांश-रेखांश लिहायला लावले,
दशांशानंतर सहा आकडे.
खोडलं मात्र नाही काही.

आबा जवळा निवडत बसले होते.
सगळं ऐकून घेतलं. मग,
"मंग ते जित्ते हान?"
हो.
"कवापासून?"
नाही सांगता येत.
तुमच्या शेवटच्या कापणीचे असतील,
नाहीतर गेल्या मंगळवारचे.
एक काडी उचलून बाजूला टाकली त्यांनी.
"कोनाच्या नावाव हान?"
कंपनीच्या, मी म्हटलं.
त्यावर ते काही बोलले नाहीत,
जवळ्यात बराच कचरा होता.

आता तो उणे ऐंशी अंशांवर,
तिसऱ्या कप्प्यात, ग्लिसरॉलमध्ये,
लेबल घ-१७.
वीज गेली तर जनरेटर आहे,
आणि जनरेटर बंद पडला तरी त्याचं काही अडणार नाही.

पाचशेचा मी हलवा आणला.
आबांच्या पांढऱ्या शर्टावर कालवण सांडलं, छातीशी,
तळहाताएवढं पिवळं.
मी उठायला लागले तर म्हणाले, बस, जेव.
मग शर्ट काढून, घडी घालून
माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला.
"ने तुज्या लॅबान," म्हणाले,
"बघ, वलखतय का."