अकरा बाटल्या

पत्र सकाळी आलं, औषध प्रशासनाचं.
दोन सह्या, एक गोल शिक्का, मध्ये ठळक अक्षरांत:
सदर बॅच अप्रमाणित दर्जाची. विक्री तात्काळ थांबवावी.
विकलेला माल परत घेऊन सोमवारपर्यंत अहवाल द्यावा.
खोकल्याचं औषध. लहान मुलांचं. रासबेरीच्या चवीचं.
लुणावतशेठ म्हणाले, फळीवरचं बांधून ठेव,
गेलं ते गेलं.
मी मोजलं. छत्तीस आल्या होत्या, पंचवीस फळीवर.
अकरा पुण्यात कुठेतरी.

आमच्याकडे रजिस्टर आहे, लाल कापडी पाठीचं.
त्यात झोपेच्या गोळ्या नेणाऱ्यांची नावं आहेत,
डॉक्टरांची नावं, पत्ते, तारखा,
पोलीस आले तरी बोट ठेवून दाखवता येईल असं.
खोकल्याला रजिस्टर नाही.
खोकला कुणीही येऊन सांगतं
काउंटरला कोपर टेकून, मूल कडेवर,
आणि माझा हात न बघता मागे जातो, तिसऱ्या फळीवर.
बारा वर्षं.

नऊ जणांनी मोबाइलवरून पैसे भरले होते, ते सापडले.
कोथरूडच्या बाईंनी मलाच झापलं, लेखी द्या म्हणाल्या.
एक रिक्षावाला भाडं सोडून बाटली घेऊन आला
आणि काही न बोलता काउंटरवर आपटून गेला.
दहावी समोरच्याच हॉस्पिटलातल्या सिस्टरची,
लॉकरमध्ये, सील न फोडलेली.

अकरावी रोख गेली होती.
दहा-दहाची नाणी, ओली,
आणि मोजणाऱ्या बोटांना लसणाचा वास.
एवढंच आठवत होतं. आणि तिचा प्रश्न:
यापेक्षा लहान बाटली नाही का, मॅडम?
नाही म्हणाले. वर नेहमीचं ऐकवलंही:
पाच मिली, दिवसातून तीनदा,
मनाने कमी करायचं नाही.

ताडीवाला रोडला दोन संध्याकाळी विचारत फिरले,
हॉटेलांचा लसूण सोलणाऱ्या बायका कुठे बसतात.
कुणाला वाटलं मी मतदारयादीवाली,
कुणाला वाटलं बचत गटाच्या हप्त्याची.
एका पोराने हात धरून नेलं.
पत्र्याचं दार. आत संबोधी ओव्हाळ, वय चार,
सालींच्या ढिगात पाय घालून बसलेली.
नमस्कारही न करता मी विचारलं,
हिला लघवी नीट होते ना?
आई माझ्याकडे बघतच राहिली.
होते की. आत्ताच फ्रॉक बदलला.

बाटली आरशामागे होती. गळ्यापर्यंत भरलेली.
मी ती उजेडात धरली तशी ती ओशाळली.
रागावू नका मॅडम, तुम्ही सांगितलं तसं नाही दिलं.
रात्रीचंच दिलं. अर्धा चमचा. तेही दोनदा की तीनदा.
महाग पडतं ना. म्हटलं, पुढच्या थंडीलाही होईल.

बारा वर्षं या अर्ध्या चमच्याशी भांडत आलेली मी
उंबऱ्यावरच बसले.
तिने पाणी दिलं. ते प्यायले.
उद्या रक्त तपासून घेऊ, मी येते बरोबर, म्हणाले.
तिने विचारलं किती वेळ लागेल,
खाडा झाला तर मुकादम दुसरीला बसवतो.
बाटलीचे पैसे परत दिले.
नोट होती माझ्याकडे, तिच्याकडे सुटे नव्हते,
राहू द्या म्हटलं तर तिने अर्धा किलो सोललेला लसूण बांधून दिला.

अहवालाच्या नमुन्यात तीन रकाने:
विकलेल्या, परत मिळालेल्या, शिल्लक.
अकरा. अकरा. शून्य.
शेठ खूश झाले, शिक्का त्यांनीच मारला.
शेवटी शेऱ्याला बोटभर जागा.
तिथे मी 'निरंक' लिहिलं.

रक्ताचा कागद मंगळवारी मिळेल, म्हणालेत.