चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे

फंक्शनचं नाव होतं पुढचीतारीख.
रुग्णाची मागची भेट द्यायची,
पुढची तपासणी कधी, ते घ्यायचं. बेरीज, बस्स.
पण चौतिसाव्या ओळीत कुणीतरी
(कुणीतरी म्हणजे मीच, मागच्या दिवाळीच्या घाईत)
एक मेसेज धाडायचं काम घुसवून ठेवलं होतं.
जाता जाता. वाटेत पडतं म्हणून.

रात्री पावणेदोनला मी बेरीज तपासत होते.
एकदा चालवली. उत्तर बरोबर.
खात्री म्हणून पुन्हा चालवली. उत्तर तेच.
आणि लष्करात, मुरारला, हजिऱ्याच्या गल्ल्यांत
तीनशे बारा फोन उशाशी थरथरले,
दोनदा.

तीनशे अकरा जणांनी शिवी हासडली असेल
किंवा नुसती कूस बदलली असेल.
एकाने उत्तर लिहिलं. हरप्रसाद कुशवाह, हजिरा:
'फूलवती तो चैत में नहीं रही, बिटिया.
तारीख आई है तो बता दो, मैं आ जाऊँ?'

माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं.

दौलतगंजात बाबा कंपाउंडर होते.
डॉक्टर शितूतांच्या खोलीत एकही बाटली नसे.
तिथे नाडी, जीभ, 'किती दिवसांपासून?'
आणि शेवटी एक चिठ्ठी.
चिठ्ठी कितीही कडक असो, तिनं कुणाचं पोट बिघडत नाही.
खोडता येते, फाडता येते,
दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते,
दुसरी चिठ्ठी तिला टाचणीनं जोडता येते.
औषध मात्र बाहेर, एकाच खिडकीतून.
बाबा चिठ्ठी वाचत, नाव विचारत, वडिलांचंही विचारत,
मग बाटली हलवून ओतत
आणि लाल पेन्सिलीनं चिठ्ठीवर काट मारत.
काट मारलेली चिठ्ठी घेऊन साक्षात देव आला असता
तरी दुसरा डोस मिळाला नसता.
मला वाटायचं, बाबा डॉक्टरांना घाबरतात.
ते बाटलीला घाबरत.

पहाटेपर्यंत मी ती चौतिसावी ओळ उपटत बसले.
मुळं लांबवर गेली होती.
खणता खणता आत एक घड्याळही सापडलं:
'आज' म्हणजे कोणता दिवस, हे फंक्शन
स्वतःच उठून भिंतीवर बघून यायचं.
म्हटलं, बाई, तू बस.
आजची तारीख तुला हातात आणून देतील.
तू फक्त चिठ्ठी लिही. कुणाला, काय, कधी.
पाठवायचं तुझ्याकडे नाही.
मग हजार वेळा चालवली.
हजार चिठ्ठ्या, काना-मात्रेसकट सारख्या,
आणि ग्वाल्हेर गाढ झोपलेलं.

धाडणारं जे जे होतं ते एका फाइलीत नेलं, अगदी कडेला.
तिचं नाव ठेवलं खिडकी.
लहानशी, कुरूप, सगळ्यांनी दोनदा वाचावी अशी.
तिथे नाव विचारलं जातं.
माणूस आहे का, तेही, आता.
तिथेच काट मारली जाते.

विदिशेचा नवा मुलगा म्हणाला,
'एवढं कशाला ताई, एक मेसेज तर पाठवायचा.'
मी काही बोलले नाही.
पाठवायचा असतोच. नुसत्या चिठ्ठ्यांनी
आजवर कुणाचा खोकला थांबलाय?

हरप्रसादजींसाठी मजकूर लिहिला, चार वेळा.
माफी, चूक, यंत्र, पुन्हा माफी.
चारही चिठ्ठ्या टेबलावर पडून, कुणाला काही न होता.
'यंत्र' हा शब्द खोडला.

साडेनऊला, दवाखाने उघडतात त्या सुमाराला,
चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि नंबर फिरवला.
रिंग गेली.
आता परत घेता येत नाही.