दहा ओळींत लिहा

बिशप हाऊसहून कागद आला: तुमचं म्हणणं
दहा ओळींत लिहून पाठवा.
खानापुरात, चर्चमागच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात
गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो आम्ही बारा-चौदाजण.
फादरही बाकावरच, शेवटच्या.
म्हणाले, आज मी फक्त ऐकणार.
वही माझ्याकडे.

मग शांतता. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात असते तशी.

बस्त्यांव म्हणाला, कानडी मिसा दर आयतवारी,
मराठी महिन्यातून एकदाच का?
रोजाना म्हणाली, आणि आमची कोंकणी?
आवाज चढले.
सीमा आत आली होती, चपला न काढता.

फादरनी तोंड उघडलं, आणि मिटलं.
हे मी वहीत घेतलं नाही.

फिलूमावशी भिंतीकडेला.
वेदीवरची चादर तीस वर्षं तीच धुते, नीळ घालून.
तुला काय वाटतं, असं
तिला कुणी विचारल्याचं मला ठाऊक नाही.
ती पदराचं टोक पिळत राहिली, ओलं असल्यासारखं.

माझा थोरला विहिरीत सापडला, म्हणाली.
तेव्हा घंटा नाही वाजवली तुम्ही.
का नाही,
एवढंच विचारायचं होतं.

कोणत्या भाषेत विचारलं तिनं?
आठवत नाही. मी दोन हातांवर बसलो होतो.

कागदावर एकच ओळ गेली.
नऊ कोऱ्या आहेत अजून.
शुक्रवारी परत बसतोय, दिवेलागणीला.
या तुम्हीही.
बाकं लहान आहेत, जरा सरकून घेऊ.