रकाना सात

माल्मोत अकरा दिवस होते.
तिथे कचऱ्याला वास नव्हता,
हे वहीत पहिल्याच पानावर लिहून
मी खाली दोनदा रेघ मारली.

लार्शोन, निवृत्तीला आलेला,
काचेपलीकडचा पट्टा दाखवायचा :
प्रकाशाची तिरीप पडते
आणि यंत्राला कळतं, कुठलं प्लास्टिक.
सेकंदाला किती, तेही सांगायचा.
आकडा विसरले. त्याची नखं आठवतात,
स्वच्छ, गोल कापलेली.

देवनारच्या शेडमध्ये
कौसाबाई पिशवी कानाशी चुरगळते.
'ही खडखड बोलते, ही नुसती पुटपुटते.'
दोन ढीग.
मी एकदा घड्याळ लावून पाहिलं,
मग लाजून बंद केलं.

मोबाइलवर तिला फोटो दाखवले.
पट्टा, निळी हेल्मेटं,
बर्फात उभे चार रंगांचे डबे.
बोटांनी फोटो मोठा करत
ती काहीतरी शोधत राहिली.
'बाया कुठायत?'
आणि जरा थांबून,
'वासच नाही तर कुजलेलं कळतं कसं त्यांना?'

अहवालाचा नमुना वॉर्ड ऑफिसातून आलाय.
रकाना सात :
परदेशात पाहिलेल्या व येथे राबवता येतील अशा बाबी.
तीन दिवस झाले,
मी त्या 'राबवता'पाशीच अडलेय.
कोण राबणार, ते लिहायला जागा सोडलेली नाही.

फेब्रुवारीत लार्शोन इकडे येईल,
अदलाबदलीतला त्याचा वाटा.
कौसाबाई म्हणाली,
त्याच्या पायाचं माप मागवून ठेवा,
गमबुटाशिवाय इथे पाऊल टाकू नये माणसानं.

तिच्या पायांत चपला आहेत.
एक तपकिरी,
एक निळी.