अंगठा

आउलिक्की मावशीनं लाल दोरी माझ्या मनगटाला अडकवली,
ओढून बघितली, मग पुन्हा एकदा.
"तू पडलास तर यानंही मरायला हवं,"
एवढंच म्हणाली. तिच्या घरात शब्द
मिठासारखे, चिमटीनं वापरतात.

मग धक्क्याच्या टोकावरून, जरा नाइलाजानं:
"भीती वाटली की अंगठा सुटतो.
अंगठा सुटला की वळणं गेलं.
याला सुकाणू नाही, इल्पो. मागून सुटणारं पाणी,
तेच याचं सुकाणू."
मी मान हलवली. सोळा वर्षांची मान,
ती कशालाही हलते.

जूनची रात्र, साडेनऊचं ऊन,
सायमा सरोवर इस्त्री केल्यासारखं.
बेटांमागून बेटं,
आणि मी साठच्या पुढे गेलेला काटा बघत होतो,
पाणी बघत नव्हतो.

उन्हाच्या तिरिपेतून होडी निघाली.
डांबर लावलेली, वल्ह्याची,
आत एक म्हातारा, गुडघ्यांवर जाळं.
अंगठा सुटला.
हँडल पुरतं पिळलं मी, तरी जेट स्की
रुळावर असल्यासारखी सरळ, त्याच्याकडे.

त्या क्षणी काय आठवलं, सांगता येत नाही.
सगळं अंग सोड, सोड म्हणत असताना
मी दाबला,
आणि पुढचं टोक वळलं.
आमच्यात एका वल्ह्याएवढं पाणी उरलं.

तो ओरडला नाही.
माझी लाट त्याच्या होडीत शिरली होती,
कॉफीच्या रिकाम्या डब्यानं तो ती
सरोवराला परत करत राहिला.
मी इंजिन बंद केलं. माफी मागितली, बहुतेक.
त्यानं हनुवटीनं मागचं बेट दाखवलं:
"कुइक्का बसलीय तिथं. पाण्यापासून वीतभर."

मी थांबलो होतो.
माझी लाट थांबली नव्हती.
रुंद, सावकाश, मला न विचारता
ती लव्हाळ्यांकडे चालली होती.
आम्ही दोघं बघत राहिलो.
पक्षी उठला नाही, फक्त मान
लांब करून पाण्याशी टेकवली.
लव्हाळे वाकले, उभे राहिले, पुन्हा वाकले.
अंड्यांचं काय झालं, तिथून दिसेना,
आणि जवळ जाऊन बघणं
म्हणजे आणखी एक लाट.

पायी चालण्याच्या वेगानं परतलो. पाऊण तास.
मावशीनं दोरी सोडली, मनगटावरचा वळ बघितला.
"वळली?"
"वळली."
लाटेचं सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात रात्री कुइक्का ओरडली
की मी अंथरुणात उठून बसायचो,
आवाज एकाचा की दोघांचा,
की त्यात आणखी एखादा, बारीक,
ऐकू येतोय का ते मोजत.